पाणी समोर म्हणजे पूर्व

तीर्थरूप नाना,

तुमच्या वर्षश्राद्धानंतर मी ताईकडे मालवणला गेलो होतो. काल काशीला, ब्रह्मा घाटावरच्या आपल्या घरी परतलो. मालवणला जे घडले ते ताईलाही सांगितलेले नाही. ते प्रथम तुम्हाला सांगणे आवश्यक आहे.

चोपन्नाव्या वर्षी मी पाण्याखाली दिशा धरून पोहण्याचे प्रशिक्षण घेतले. पाठीवर हवेची टाकी, मनगटावर होकायंत्र, आणि अंतर पायांच्या फटक्यांनी मोजायचे. मोजण्यात मी चुकत नाही, हे तुम्ही जाणता.

परीक्षेच्या दिवशी आम्ही होडीच्या नांगराच्या दोराने तळाशी उतरलो. प्रशिक्षकाने पाटीवर लिहिले, 'किनाऱ्याकडे, चाळीस फटके.' मी होकायंत्रावर पश्चिम लावली आणि निघालो. तळ वर यायला हवा होता. तो खोल जात राहिला. यंत्रच बिघडले असावे, असे मी ठरवून टाकले.

प्रशिक्षकाने मला थांबवले आणि हात धरून, शेजारी पोहत, दोरापर्यंत परत आणले. वर आल्यावर म्हणाला, "काका, खंय चाललात? पश्चिमेक नुसतो दर्या आसा."

मला क्षणभर पटेना. नदी पूर्वेला, घर पश्चिमेला; घाटावर पोहायला शिकवताना तुम्हीच नव्हते का सांगितले?

मग तुम्ही मालवणला आला होतात, तेव्हाची ती सकाळ आठवली. ताईच्या अंगणात, ढगाळ हवेत, तुम्ही समुद्राकडे तोंड करून सूर्याला अर्घ्य देत होता. मी सर्वांसमोर म्हणालो, "नाना, ती पश्चिम आहे. एवढेही कळत नाही?"

"अरे, पाणी समोर म्हणजे पूरब," तुम्ही म्हणालात.

जावईबापू हसले. मी तुमचे खांदे धरून तुम्हाला वळवले. तुम्ही तांब्या कट्ट्यावर ठेवलात आणि काशीला येईपर्यंत पुन्हा हाती घेतला नाहीत. मला निदान रागवायचे तरी होतेत!

ते मी तुमच्या वयावर ढकलले. डॉक्टरांनाही तसेच सांगितले. आता माझ्या मनगटावर यंत्र असूनही मी तेच केले आणि मला कोणी हसले नाही.

दुसऱ्या दिवशी उत्तीर्ण झालो. प्रशस्तिपत्र कपाटात ठेवले आहे.

पुढच्या खेपेस तुमचा तांब्या मालवणला नेईन. पहिले अर्घ्य त्याच अंगणात, समुद्राकडे तोंड करून देईन, त्यानंतरच वळेन. कोणी टोकले, तर ते नानांचे आहे, असे सांगेन.

तुमचा,
मोहन