शेवट आवडला, असं मी म्हणाले

शनिवार, संध्याकाळ. पलूस.

का म्हणाले मी तसं? वाचनालयात आज आम्हा बायकांची चर्चा होती, त्या अद्भुत कादंबरीवर. नायिका विहिरीतल्या दारातून दुसऱ्या जगात जाते, पंखवाल्या वाघावर बसून राज्य करते, आणि शेवटी घरी परतते. सगळ्यांना तो शेवट आवडला. मलाही, असं मी सांगितलं. साफ खोटं! ते शेवटचं पान मी पुन्हा पुन्हा वाचलं होतं आणि दर वेळी चिडले होते. पण शेजारी सासूबाई. काय बोलणार?

आणि त्याच ताडकन म्हणाल्या, "माघारी कशाला आली ती? मला घावलं असतं ते दार, तर मी नसते आले."

बायका हसल्या. सासूबाई नाही हसल्या.

चर्चा संपली आणि आम्ही दोघी घरी आलो. घरात शिरल्यावर त्यांनी दाराला आतून कडी घातली आणि कडीवरचा हात तसाच ठेवून विचारलं, "मला भिऊन बोललीस न्हवं?"

"व्हय."

"मी बी लय वर्सं असंच बोलले."

मग त्यांनी पिठाचा डबा माझ्याकडं सरकवला. भाकरीची वेळ झाली होती.