चष्म्याला आंघोळ

३ मार्च

श्रीमती सौदामिनी यांना स. न. वि. वि.

तुमची नवी कादंबरी दोन दिवसांत संपवली. त्यातली शिक्षिका रिकाम्या घरात स्वतःशीच बोलते. मीही बोलते, फक्त कुणाला सांगत नाही. दुकानात शर्टांची काजं करताना हल्ली चष्मा लावूनही सुईत दोरा जाता जात नाही. माझा धाकटा भाऊ, ज्याच्याबद्दल नेहमी लिहिते, तोही लिहितो म्हणे, पण कुठल्या नावानं ते पठ्ठ्यानं सांगितलं नाही. बाबा गेले तेव्हा आला नाही, त्याला सहा वर्षं झाली. पत्रही नाही. तुम्ही मात्र आठ दिवसांत उत्तर देता. अशीच माया राहू द्या.

तुमची वाचक

१० मार्च

प्रिय भगिनी, स. न.

दुखणं अंगावर काढू नका, डोळे डॉक्टरांना दाखवा. कामाला बसण्याआधी चष्म्याला आंघोळ घालत जा. भावाला आठवण येत असणार. काहींना तोंड दाखवायची लाज वाटते.

तुमचीच,
सौदामिनी

१५ मार्च

चि. गुंड्यास अ. उ. आ.

सौदामिनीबाईंच्या पत्त्यावर टाकतेय, तुला बरोबर मिळेल. चष्म्याला आंघोळ फक्त आपले बाबा घालायचे. आता असं म्हणणारी जगात दोनच माणसं उरली, त्यातली एक मी.

आधी हसले, मग रडले. चार वर्षं तुझ्याच चहाड्या तुझ्यापाशी करत होते. बाईंना माझं सगळं कळलं आणि तुला एक ओळ जड झाली. मी रागावले आहे. बाईंना यापुढे लिहिणार नाही.

पुढच्या महिन्यात डोळ्याचं ऑपरेशन आहे. फॉर्मवर सोबतच्या नातेवाइकाचं नाव लागतं. तुझं लिहू का, एवढंच कळव.

ताई

२२ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

हे तिसरं पत्र. पहिलं माझ्या रहस्यकथा लिहिणाऱ्या 'भैरव'नं लिहिलं, त्यात मी निर्दोष सुटलो. दुसरं सौदामिनीनं लिहिलं, त्यात तू मला माफ करून टाकलंस. दोन्ही फाडली. स्वतःच्या नावानं लिहायची सवयच गेली आहे. घरमालक 'लेखक' म्हणतो, प्रकाशक 'भैरव' म्हणतो, गुंड्या कुणी म्हणत नाही.

बाबांच्या वेळी मी घाबरलो म्हणून आलो नाही. दुसरं कारण नाही.

फॉर्मवर माझं नाव लिही. आदल्या दिवशी पोचतो.

आणखी एक. सौदामिनीची पुस्तकं कुणी घेत नाही. पहिल्यानंतरच प्रकाशक पुरे म्हणाला होता. भैरवाची दोन जास्त लिहीन, पण ही बाई राहू दे, अशी मी त्याला गळ घातली. ती लिहायची थांबली असती, तर तू पत्र कुणाला घातलं असतंस?

राग असू दे, पण लोभही ठेव.

तुझा,
गुंड्या