मोलकरणीचं एक वाक्य

लंडन, ३ मार्च १८४२

चि. जोसाया यास अ. उ. आ.

सोबत नव्या फार्सची नक्कल. विंगेत बसून नट्यांचे झगे शिवता शिवता उतरवली आहे, अक्षराला नावं ठेवू नकोस. सगळी गंमत मोलकरणीच्या एका वाक्यात आहे. चमचे चोरताना पकडल्यावर मालक तिला तुमच्या बेटावर काळ्या पाण्याला धाडायची धमकी देतो. ती म्हणते, पाठवा होबार्टला, तिथे चोरायला नवी घरं मिळतील. थिएटर हसून लोळतं.

तुझ्या लग्नाला वर्ष झालं, तरी केझायाच्या माहेरचं तू काही लिहीत नाहीस. मावशीबरोबर आपल्या खुशीने तिकडे आली, एवढंच. पुढच्या मार्चच्या जहाजाने मी कायमची तुमच्याकडे यावं म्हणते. पण शिक्षा होऊन आलेल्या बाईच्या हातचा चहा मला जाणार नाही. तेवढं स्पष्ट लिही, म्हणजे तिकीट काढते.

फ्लॅनेल घालतोस ना? लोभ आहेच, चार महिने समुद्रात भिजूनही टिकेल एवढा.

तुझी ताई,
डॉर्कस

होबार्ट, ९ ऑगस्ट १८४२

ती. डॉर्कसताईस सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. फ्लॅनेल घालतो.

शनिवारी आमच्या थिएटरात तुझा फार्स लावला. त्याआधीची शोकांतिका सरकारी कचेरीने ओळ न ओळ तपासली होती; शेवटी हसवून घरी पाठवायचा फार्स कोण वाचतो? मला वाटलं, गावाचं नाव ऐकून लोक खूश होतील. समोर बसलेले निम्मे लोक या गावात कसे आले, हे डोक्यातच आलं नाही.

मी मालक, केझाया मोलकरीण. तालमीत ते वाक्य ती रोज खटकन म्हणायची. शनिवारी 'पाठवा होबार्टला' म्हणाली आणि थांबली. कोणी हसलं नाही. वर गॅलरीतून एका बाईने अगदी साध्या आवाजात विचारलं, “सात वर्षं की चौदा?”

केझाया माझ्याकडे न बघता म्हणाली, “सात.”

मग तिने उरलेलं वाक्य म्हटलं. लोक जोरात हसले. मी ठरल्याप्रमाणे कपाटात लपलो. शेवटपर्यंत आम्ही एकही जागा चुकलो नाही.

घरी बटाटे सोलता सोलता तिने सांगितलं. दोन वार लेस चोरली, वय सतरा, शिक्षा सात वर्षं. मावशी नव्हतीच. मला राग येईल म्हणून मी वाट बघितली. आला नाही. काहीच आलं नाही. शुक्रवारी लोकांनी पुन्हा तोच फार्स मागितलाय. वाक्य काढू का विचारलं, तर राहू दे म्हणाली.

तुझ्या अटीचं उत्तर हे असं आहे. चहा तीच करते. लोभ कमी झाला तर तसं कळव, अंदाज करत बसायला लावू नकोस.

तुझा,
जोसाया

लंडन, १४ जानेवारी १८४३

सौ. केझाया हिस अ. उ. आ.

तुला हे माझं पहिलंच पत्र. जोसायालाही वाचून दाखव.

त्याचं पत्र आलं तेव्हाच अट सोडली होती. दुपारी तिकीट काढायचं, असं ठरवून कामावर गेले. तो फार्स इथे अजून चालू आहे. झगा मांडीवर घेऊन विंगेत बसले होते, तेवढ्यात मोलकरणीने ते वाक्य म्हटलं. मी हसले नाही, असं तुला लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. पण हसले. सगळ्यांबरोबर, सवयीने. जोसायाचं पत्र खिशात होतं.

तिकीट काढलं नाही. मार्चमध्ये येत नाही. तुझ्यावर हसून तुझ्याच हातचा चहा कसा पिऊ?

लोभ असू दे, असं मागायला तोंड नाही.

तुझी नणंद,
डॉर्कस