पितराच्या पाटावरचा डॉक्टर

आई, आज अक्षय्य तृतीया, तुझी अकती. जुनवानीच्या या माझ्या घरात वडे तळून झालेत, कढी उकळली आहे, आणि तुझ्याशी बोलायचं राहिलं म्हणून लिहायला बसले आहे. तुला वाचता येत नव्हतं हे खरं. पण माझं डॉक्टरी अक्षर शिकलेल्यांनाही कुठे लागतं!

इकडे हिंदी मुलखात पोलाद कारखान्याचं रुआबांध्याचं क्वार्टर मिळालं आणि बाबांनी आपल्याला भंडाऱ्याकडच्या गावाहून आणलं, तेव्हा मी सात-आठ वर्षांची. बाबा प्लांटमध्ये शिफ्टला. एका बाजूला तेलुगू शेजार, दुसऱ्या बाजूला पंजाबी. तुला हिंदी येईना. मग तू सिगडीपाशी बसून वारलेल्या सासऱ्यांशी बोलायचीस. "मामाजी, भाजीत मीठ बराबर हाये का जी?" विचारायचीस, जरा थांबायचीस, मान हलवून चिमूटभर मीठ घालायचीस. मला त्यात काही वेगळं वाटायचं नाही, गावात सगळ्याच बाया तशा बोलायच्या. पण तुझी झोप उडाली म्हणून बाबांनी सिविक सेंटरकडच्या एका डॉक्टरांना दाखवलं. माणूस भला, पण मराठीचा गंध नाही. मेलेल्यांचा आवाज येतो का, असं त्यांनी बाबांकरवी विचारलं. तू म्हणालीस, "येते ना. घरचेच मानसं, कुठं जातीन?" झालं. स्किझोफ्रेनिया. बाबांना तो शब्द शेवटपर्यंत नीट उच्चारता आला नाही. गोळ्यांनी तुझे हात कापायला लागले, जीभ जड झाली, आणि स्वयंपाकघर मुकं झालं. मला फार भीती वाटायची, की आता तू अशीच राहणार.

डॉक्टरांना 'गोळ्या बंद करा' म्हणायची बाबांची छाती नव्हती. त्यांनी डॉक्टरांना जेवायला बोलावलं. अकतीला पितरांच्या जागी कुणाला तरी पाटावर बसवावं लागतं, आणि इथे आपल्यातलं कुणी नाही, एवढंच सांगितलं. डॉक्टर आले. कपाळाला गंध लावून घेऊन पाटावर मांडी घालून बसले. तू कापत्या हातांनी वाढलंस आणि रीतीप्रमाणे विचारलंस, "मामाजी, पोट भरलं का जी?"

तोंडात वडा असतानाच डॉक्टर म्हणाले, "हां बेटी, भर गया."

तू मान हलवलीस. डॉक्टरांचा हात मात्र ताटातच थांबला. "आपके यहाँ सब ऐसे ही पूछते हैं?" त्यांनी बाबांना विचारलं.

"हाँ साहब, पूरा गाँव पूछता है."

"और मैंने जवाब भी दे दिया!" डॉक्टर इतके हसले की त्यांना ठसका लागला, आणि पाणी द्यायला तूच धावलीस. पुढे त्यांनी गोळ्या हळूहळू कमी करत बंद केल्या. एका सकाळी सिगडीपाशी पुन्हा तुझं "मामाजी" ऐकू आलं, आणि मी अंथरुणात रडले, आनंदानं.

आता मी त्याच रोगाची डॉक्टर आहे. रोग खोटा नाही, आई. परक्या मुलखात एकटं पडलेलं माणूस खरोखर आजारी पडतं, आणि गोळ्यांनी उठून कामाला लागलेली माणसंही मी पाहिली आहेत. पण बाहेरून आलेल्यावर हा शिक्का जरा लवकरच बसतो. काही महिन्यांपूर्वी झारखंडची एक सून आली, नवरा ठेकेदाराकडे कामाला. ती मेलेल्या बहिणीशी बोलते म्हणून घरमालकीण घाबरलेली. मी तिच्या सासूला फोन लावला, तुमच्याकडे असं आणखी कोण बोलतं, विचारलं. सासू खेकसली, "कौन नहीं बोलता?" मी गोळी दिली नाही. आता ती नुसती गप्पा मारायला येते, आणि मलाही तिची वाट पाहायची सवय लागली आहे.

हे पत्र कुठे धाडायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. मघाशी तुझं ताट वाढलं आणि विचारलं, "आई, पोट भरलं का?" डॉक्टर म्हणून मला उत्तर ऐकू यायला नको होतं. "भरलं, पण कढीत मीठ कमी हाये," तू म्हणालीस.

मी चाखून पाहिली. खरंच कमी होतं.