आप्पांचं एक वाक्य

मल्लेश्वरम, बंगळूर
१२ ऑगस्ट १९६२

ती. अक्कास, दामूचा नमस्कार.

नमस्कार केला म्हणून भांडण मिटलं असं समजू नकोस. तुझं अक्षर वळणदार, म्हणून माझी श्रुतिका स्वच्छ नक्कल करायला तुझ्याकडे निपाणीला पाठवली, तर तू कागदाच्या दोन्ही बाजूंना लिहून मोकळी. मी बजावलं होतं, रेडिओवाल्यांना एकाच बाजूला लागतं. माइकसमोर पान उलटलं की सळसळ ऐकू जाते. डावीकडे चार बोटं समास, समासात पात्राचं नाव, उजवीकडे वाक्य, आवाज कंसात. तर म्हणे 'कागद वाया जातो'. कागद माझा, तिकिटं माझी, तुझं काय जातं?

तेही सोडतो. पण नवव्या पानावर मुलगा घरी येतो तिथे वडिलांच्या तोंडी 'ये बाळा, दमला असशील' हे कुणी घातलं? मी नाही लिहिलेलं. आप्पा असं जन्मात बोललेत? ते वाक्य वाचून दाखवलं तर यल्लाप्पा डोळे पुसायला लागला. कँटीनमध्ये माझ्याबरोबर इडलीची भांडी उचलतो, बैलासारखा गडी. अक्का, विनोदी श्रुतिका आहे ती. लोकांनी पंधरा मिनिटं हसायचं असतं.

तू ते का घातलंस ते मला कळतं. विश्वासरावांनीही तिथेच बोट ठेवलं होतं. ते इथल्या मंडळाची नाटकं बसवतात, रेडिओवर दोनदा जाऊन आलेत. म्हणाले, "दामोदर, पात्रांच्या यादीत वडील आहेत, पण त्यांना वाक्यच नाही."

मी म्हटलं, तीच तर गंमत. सगळं घर भांडतं, जो तो 'हो की नाही, आप्पा?' विचारतो, आणि ते पेपर वाचत बसतात.

"नाटकात गंमत. रेडिओवर गप्प बसलेला माणूस म्हणजे घरात नसलेला माणूस. खोड त्यांना."

मग मी कंसात खुर्ची करकरवली, खाकरणं घातलं, पेपर सात ठिकाणी सळसळवला. तर इथल्या कानडीत मान डोलवत म्हणतात, "सरी, बरं, अजून दोनदा सळसळला तर लोक रेडिओ दुरुस्तीला नेतील." एक तर वाक्य दे, नाही तर नाव काढ. तीस तारखेला ते रेडिओकडे मंडळाचं पाकीट पाठवणार आहेत. त्यात माझं गेलं तर गेलं.

खोडायला तीनदा बसलो. आप्पांना काढलं की उरलेली चार माणसं नुसती ओरडतात, हसू कशाचंच येत नाही. आणि वाक्य लिहावं तर येत नाही. तुझं येतं, शेजारच्या तानूबाईंचं तर ऐकावं लागू नये इतकं येतं. आप्पांचा आवाजच कानात येत नाही. शेवटचा ऐकला तो सातवीला नापास झालो तेव्हा. 'मास्तरचा मुलगा' एवढंच म्हणाले आणि पुढचं गिळलं. सात वर्षं झाली त्याला. गेल्या दिवाळीत चार दिवस राहिलो, तेव्हाही माझ्यासमोर पेपरच होता. तू म्हणालीस, त्यांचा स्वभाव आहे. पोस्टमनशी बरे बोलतात.

म्हणून एक केलंय. रागावू नकोस, आणि रागावलीस तरी पैसे भरून झालेत. एरवी मनीऑर्डर तुझ्या नावाने येते आणि कुणाची ते आप्पा विचारत नाहीत. या महिन्याची त्यांच्या नावाने केली आहे. पोस्टमन सही मागेल. घेतो म्हणतील, नको म्हणतील, काहीतरी बोलावंच लागेल. तू दाराशी उभी राहा आणि मध्ये पडू नकोस. जे म्हणतील ते जसंच्या तसं लिही, एक शब्द गोड करू नकोस. कागदाच्या एकाच बाजूला. समासात नाव, उजवीकडे वाक्य. काही न बोलता सही केली, तर कंसात तसं लिही. ते मी श्रुतिकेत कुठे बसवायचं ते बघेन.

परत केली तरी कळव.

तुझा,
दामोदर विश्वेश्वर
(फॉर्मवर वडिलांच्या नावासकट असंच लिहिलंय, ते वाचतील म्हणून.)

रक्कम रुपये अठरा.