टरफलातलं पिवळं

पुणे,
४ ऑक्टोबर १९९९

तीर्थरूप आत्यास,

वृषालीचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. मी इकडे खुशाल आहे. मेसमधली आमटी सोडली तर कशाची तक्रार नाही. तू चौथीपर्यंत शिकलीस म्हणून अक्षर मोठं आणि सुटंसुटं काढते आहे. पत्र तूच वाच, तुझ्या लेकाकडे, सोपानकडे देऊ नकोस. तो कंटाळा आला की मधल्या ओळी गाळतो आणि तुला म्हणतो, बाकी सगळं ठीक आहे.

आधी मोठी बातमी. पोतं कामाला आलं!

गोरखदादानं आळेफाट्यावर एसटीच्या टपावर टाकलेलं ते कांद्याच्या टरफलांचं पोतं. शिवाजीनगरला कंडक्टरनं ते खाली दिलं आणि म्हणाला, "ताई, वाटेत कांदे कुणी काढून घेतले का काय? नुसता कचराच आलाय." मी म्हटलं, "कांदे तुम्ही खा भाऊ, मला कचराच पाहिजे." तो ड्रायव्हरला हाक मारून म्हणाला, "राव, इकडं बघा, पुण्यात काय काय शिकवत्यात!"

तू विचारलं होतंस की मी नक्की करते काय. सांगते. झाडंझुडपं स्वतःला ऊन आणि कीड यांपासून वाचवायला काही पदार्थ तयार करतात. त्यांना फ्लॅव्होनॉइड म्हणतात. फुलांचे, फळांचे किती तरी पिवळे-तांबडे रंग त्यांचेच. कांद्यात त्यातला एक भरपूर असतो, त्याचं नाव क्वेर्सेटिन. आणि कुठं असतो म्हणशील? आतल्या मऊ पाकळ्यांत थोडा, वरच्या सुक्या टरफलात खूप. म्हणजे बराखीत साठवलेला कांदा निवडताना बायका जे झाडून बांधावर पेटवून देतात, त्यात! जगात ठिकठिकाणी लोक बघतायत की या पदार्थांनी कर्करोगाच्या पेशींची वाढ थांबते का. मी आपल्या गरव्या कांद्याच्या टरफलांवर तेच बघते आहे.

टरफलं कुटली, अल्कोहोलमध्ये भिजवली, गाळली, आटवली. तळाशी पिवळी पूड उरली, हळदीपेक्षा जरा मळकट. आमच्याकडे कर्करोगाच्या पेशी पसरट बाटल्यांत वाढवतात, दह्याला विरजण लावून उबेत ठेवावं तशा. त्या कुठल्या गाठीतल्या, ते सांगत बसत नाही. पूड विरघळवून त्यांच्यावर टाकली. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर सगळ्या गोल होऊन सुटून तरंगत होत्या. मेलेल्या! मी इतक्या मोठ्यानं ओरडले की शेजारच्या टेबलावरची प्राची कापूस घेऊन धावत आली. तिला वाटलं, काचेनं हात कापला.

आमच्या गाईड मॅडम मात्र हसल्या नाहीत. चष्मा वर करून म्हणाल्या, "फारच चांगलं आलंय. पुन्हा करून दाखव." त्यांना काहीही सांगा, त्या पुन्हा करायलाच सांगतात.

आत्या, आपल्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. बारावीनंतर माझ्या लग्नाचं निघालं तेव्हा तू आबांना म्हणालीस, "धर्मा, पोरीला खुरपं दिलंस तर मी माहेराला पाय लावायची न्हाई." म्हणून आज मी इथं आहे. आणि औषध निघालं, तर ते आपल्याच बराखीतून! आनंदानं मला जेवणखाण सुचेना झालंय.

आबांनी तुझ्या गाठीचं कळवलं. तिथल्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलंय आणि तू म्हणालीस, दिवाळी होऊ दे, मग बघू. बरं, दिवाळी होऊ दे. सणासुदीत तुलाही घर सोडवणार नाही.

तुझी लाडकी (सोपान काहीही म्हणो),
वृषाली


आळे,
१२ नोव्हेंबर १९९९

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. दिवाळीला चार दिवस घरी आले आहे. तू पाठवलेल्या करंज्या आबांनी वाटेत नारायणगावापर्यंत निम्म्या केल्या. उरलेल्या आम्ही भांडून खाल्ल्या.

आधी एक काम सांगते, ते आत्ताच कर. आबांनी भाऊबीजेला येताना पिशवीभर टरफलं तुला आणून दिली ना? त्यांचा काढा तू त्याच दिवशी सुरू केलास असं ते कौतुकानं सांगत होते. तो काढा ओतून टाक. टरफलं परड्यात खड्डा करून पुरून टाक, जाळूसुद्धा नकोस. मळमळत असेल, घाम सुटत असेल, डोळ्यांपुढं अंधारी येत असेल तर सोपानला घेऊन लगेच मंचरच्या दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना सांग की किडीची पावडर पोटात गेली आहे. आबा आत्ता हे पत्र घेऊन तुझ्याकडेच निघालेत. ते समोर बसलेले असतानाच पुर.

आता का ते सांगते. राग मानू नकोस. हसलीस तरी चालेल, मी आधी हसले आणि मग रडले.

पुन्हा करून बघितलं तेव्हाही पेशी मेल्या. मग मॅडम म्हणाल्या, "निरोगी पेशींवर टाकलंस?" टाकलं. तर त्याही मेल्या. सगळ्याच! जे औषध चांगलं-वाईट ओळखत नाही, त्याला औषध कसं म्हणायचं? पुडीतले पदार्थ कागदावर वेगवेगळे करून बघतात, त्या आधीच्या तपासणीत एक जास्तीचा डाग दिसला होता. मी स्वतःला सांगितलं होतं की असेल कांद्याचंच काही. डोक्यात तोच डाग घेऊन घरी आले आणि पहिल्याच सकाळी दादाला बराखीत गाठलं.

"दादा, पोत्यात नुसती टरफलंच होती ना?"

"नुसती म्हंजी? निवडून भरली व्हती. तुझ्या लॅबमधी सडकं जायला नको म्हणून या उगवतीच्या बराखीतली घेतली. औंदा पावडर मारलीया ना हिला, किडा म्हणून दिसायचा न्हाई."

"कसली पावडर?"

"किडीची. अन् पोतं शिवताना वरनं दोन मुठी अजून टाकल्या. पुण्याला जायचं म्हटल्यावर माल चांगला जायला पायजे का न्हाई?"

मी हातातलं टरफल टाकून दिलं.

"काय झालं गं? मेली न्हाईत का तुझी कॅन्सरची किडं?"

"मेली दादा. कॅन्सरचीही मेली आणि चांगलीही मेली."

"मग झालं की काम!" दादा म्हणाला, आणि मला हसू फुटलं. इतकं, की आई चुलीवरचं सोडून बाहेर आली. मग हसता हसता रडायला लागले तेव्हा दादाचा चेहरा उतरला. "मीच लई शाना," म्हणाला. "आता डिग्री जाती का तुझी?"

डिग्री जात नाही. पण मॅडमना सगळं सांगावं लागेल. पोतं कुणा व्यापाऱ्याकडून आलं असतं तर मी ते दहादा तपासलं असतं. घरून आलं म्हणून उघडलं आणि थेट कुटायला घेतलं. काही कळायच्या आत आबांनी त्याच बराखीतली टरफलं तुझ्या ताटात नेऊन ठेवली.

आणि भाऊबीजेच्या ओवाळणीचंही आबांनीच सांगितलं, अंगणात, चार माणसांसमोर. तू ओवाळलंस, त्यांनी साडी पुढं केली आणि तू ती परत केलीस. म्हणालीस, "मला साडी नको. तुझी पोर औषध काढती, तीच माझी ओवाळणी. तोवर चाकू लावून घ्यायची न्हाई. चाकू लागला की गाठ पसरती." आबा हे सांगताना ताठ बसले होते. माझ्याकडं असं बघत होते, की मी ताट तसंच ठेवून उठले.

त्याबद्दल सविस्तर नंतर लिहीन. आत्ता एवढंच, काढा ओतून टाक.

तुझी,
वृषाली


पुणे,
२८ नोव्हेंबर १९९९

तीर्थरूप आत्यास,

नमस्कार. तुला त्रास झाला नाही, मंचरच्या डॉक्टरांनी तपासून काळजी नाही म्हटलं, हे आबांकडून कळलं आणि जीव भांड्यात पडला. काढा तू तुळशीला घातलास म्हणे. तुळस कशी आहे?

इथं पुन्हा मोठी बातमी आहे, आणि या वेळची खरी आहे. दादा स्वतः आला! मावळतीच्या बराखीतली, कधी पावडर न लागलेली टरफलं आईच्या धुतलेल्या लुगड्यात बांधून, आळेफाट्यापासून मांडीवर घेऊन. टपावर ठेवा म्हणाला कंडक्टर, तर याचं उत्तर, "हे माझ्या भनीचं औषध हाय, टपावर न्हाई बसत." लॅबमध्ये तासभर हात मागं बांधून उभा होता. प्राचीनं बसायला स्टूल दिलं तर म्हणतो, "नको ताई, माझा हात लागला की सगळं मरतं." मॅडमसुद्धा हसल्या. मी पहिल्यांदा पाहिलं.

त्यांना मी आल्या आल्या सगळं सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "घरचा माल म्हणून तपासला नाहीस. विज्ञानात घरचं कुणी नसतं." मग जराशानं म्हणाल्या, "सांगितलंस ते बरं केलंस. आता कामाला लाग."

आता ऐक. या वेळी कागदावर तो जास्तीचा डाग नाही. कर्करोगाच्या पेशी मेल्या नाहीत, पण त्यांची वाढ मंदावली. शेजारच्या बाटलीत साधं पाणी घातलेल्या पेशी दाटून आल्या आणि या निम्म्याच राहिल्या. आणि निरोगी पेशींना काहीही झालं नाही! आत्या, ही छोटी गोष्ट आहे, पण मी तीनदा करून पाहिली आणि तिन्ही वेळा तीच आली. आधीच्या त्या मोठ्या आनंदापेक्षा हा छोटा आनंद मला जास्त झाला. रस्त्यानं चालताना भाजीवाल्याच्या हातगाडीखाली टरफलं दिसली तरी मी थांबते. खरंच थांबते, लोक बघतात.

हे सगळं मी मॅडमना दाखवत होते आणि त्यांनी मध्येच विचारलं, "तुझ्या आत्यांचं ऑपरेशन झालं का?"

मी म्हटलं, "नाही. त्या माझ्या औषधाची वाट बघतायत."

मॅडमनी माझे कागद मिटून बाजूला ठेवले.

दिवाळीत मी तुझ्याकडं यायला निघाले होते, हे तुला माहीत नाही. आळेफाट्यावर उभी होते. मंचरची गाडी लागली, कंडक्टरनं नारायणगाव-मंचर म्हणून हाका दिल्या आणि मी हॉटेलच्या बाकावरून उठले नाही. गाडी गेली. तुझ्यासमोर बसून जे बोलायचं होतं ते तोंडातून निघालं नसतं. तू माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाली असतीस, "माझी पोर डाक्टर," आणि मी पुन्हा बाटल्यांच्या गोष्टी सांगत बसले असते. ऑक्टोबरमध्येसुद्धा "दिवाळी होऊ दे" असं मी लिहिलं, कारण तू माझ्यासाठी थांबली आहेस याचा मला आतून अभिमान वाटत होता.

परवा आबांनी तुझा निरोप आणला, "औषध निघालं का इचार तिला. निघालं तर कधी, ते सांग."

निघालं नाही, आत्या. तुझ्यासाठी निघणार नाही.

बाटलीतून उंदरापर्यंत जायला वर्षं लागतात. उंदरापासून माणसापर्यंत आणखी वर्षं, आणि बहुतेक पदार्थ वाटेतच गळतात. काढा करून प्यायलं म्हणून ते गाठीपर्यंत पोचतंच असंही नाही, पोटातच बरंचसं विरतं. हे काम मी सोडणार नाही. केस पिकेपर्यंत करीन. कधी तरी कुणाच्या तरी उपयोगी पडेल, असं मला मनापासून वाटतं. पण तुझी गाठ माझ्या केसांसाठी थांबायची नाही.

मी इथल्या कर्करोगाच्या डॉक्टरांना जाऊन भेटले. बाई आहेत, आपल्यासारखंच बोलतात. आबांनी आणलेले तुझे कागद त्यांनी नीट पाहिले. गाठ अजून लहान आहे, काखेत काही लागत नाही. आत्ता काढली तर बरी होण्याची आशा चांगली आहे, असं म्हणाल्या. पुढं ढकललं तर असं म्हणता येणार नाही. चाकूनं पसरते का, हेही विचारलं. त्या म्हणाल्या, "लोक इतक्या उशिरा येतात की आधीच पसरलेली असते, आणि नाव चाकूचं होतं." हे मी जसंच्या तसं लिहिलं आहे, एकही ओळ गाळलेली नाही.

तू मला औषध मागितलंस म्हणून स्वतःवर रागावू नकोस, मीच तसं वाटू दिलं. आणि दादाला काही बोलू नकोस, त्यानं आठवडाभर बराख झाडूनपुसून काढली आहे.

गुरुवारी सकाळच्या गाडीनं मंचरला उतरते, तिथून तुझ्याकडं. दुपारच्या गाडीनं आपण दोघी पुण्याला. बेड सांगून ठेवला आहे. दोन पातळं, टॉवेल आणि तुझा चष्मा एवढंच घे, बाकी माझ्या खोलीवर आहे. ऑपरेशनच्या दिवशी मी बाहेरच्या बाकावर असेन, लॅबमध्ये नाही. मॅडमनी रजा दिली आहे. तू नाही म्हणालीस तर मी उंबऱ्यावर बसून राहीन. हट्ट कसा करायचा ते तुझ्याकडूनच शिकले आहे, तेव्हा कोण जिंकेल सांगता येत नाही.

दार उघडशील तेव्हा माझ्या हाताकडं बघू नकोस, आत्या.

रिकाम्या हातानं तुला न्यायला येणारी,
तुझी वृषाली