लेकरं सांभाळायला बाप्या

माय,

तुझ्यावर चिडून लिहितोय, हे आधीच सांगतो. सकाळची वंदना केली, त्रिशरण म्हटलं, एरवी त्यानं मन थाऱ्यावर येतं, आज आलं नाही. तू जाऊन इतकी वर्षं झाली की माझ्या धाकटीला तुझा चेहरा फोटोतलाच माहीत आहे. तरी या दिवसांत दारोदार फिरून मी जे ऐकून घेतलं, त्याचं मूळ शोधायला गेलो की तूच सापडतेस.

तू होतीस तेव्हा राज्य एक होतं, आता त्याची दोन झाली. आमच्या हैदराबादच्या सरकारी ऑफिसातली कपाटं वाटली, गाड्या वाटल्या, साहेब लोक कुणी इकडे राहिले, कुणी तिकडे गेले. आम्ही कंत्राटी अटेंडर तेवढे कुणाच्याच वाट्याला आलो नाही. ऑर्डर येईपर्यंत थांबा म्हणाले. थांबलो. ऑर्डर काही आली नाही. तुझी सून एका हॉस्टेलच्या मेसमध्ये पोळ्या लाटते, तेवढ्यावर घर ओढत होतं. मला नीट येतं तरी काय, असा विचार केला तर दोनच गोष्टी निघाल्या: फायली या टेबलावरून त्या टेबलावर नेणं आणि लेकरं सांभाळणं. फायलींचं तर संपलं होतं.

नामपल्लीला स्टेशनजवळ घरकामाला माणसं लावून देणारं एक ऑफिस आहे. तिथल्या मुलीला वाटलं मी बायकोसाठी आलोय. माझ्यासाठीच म्हटल्यावर तिनं पेन खाली ठेवलं. "अंकल, बच्चे संभालने कू लेडीज इच मंगते लोगाँ. आपकू वॉचमन में लगा देतूं, हौ बोलो." मी नको म्हणालो. दुसऱ्याच्या बंद दाराकडे बघत दिवस काढणं हे काम असेल, पण मला ते नको होतं. तिनं तरी नंबर लिहून घेतला. मग फोन यायचे. माझा आवाज ऐकला की समोरून "राँग नंबर" म्हणून ठेवून द्यायचे, नाहीतर "घरात बाई आहे का, तिला द्या." एका घरी जाऊन आलो, तर त्यांनी चहा दिला आणि गाडी चालवता येते का विचारलं. घरी येऊन सांगितलं तर तुझी सून पोटभर हसली. म्हणाली, "मिशी काढा आन् माझी साडी नेसून जा." हसू मलाही आलं, पण नंतर रागच आला. तिचा नाही, तुझा.

कारण हे काम तू मला शिकवलंस. मोठीच्या वेळी हिला बाळंतपणातून उठवेना, आणि तू गावाहून आलीस ती गुडघे धरूनच. तुला खाली बसता येत नव्हतं. त्या एका खोलीच्या घरात, चुलीशेजारच्या मोरीत, तू मला पाटावर बसायला सांगितलंस. मी म्हणालो, माय, हे बायकांचं काम आहे. तू स्टुलावरून माझ्याकडे असं बघितलंस की मी पुन्हा तसं बोललो नाही. "बाईचे पाय येगळे असतेत का रे? बस." मी पाय लांब करून बसतो. तू वाकून लेकराला माझ्या नडग्यांवर पालथं घालतेस. एवढासा जीव, तेलानं निसटता. "आधी सोताच्या पायावर पाणी घे. तुला पोळलं तर तिलाबी पोळंल." मी घेतो. "कपाळाला हाताचा आडोसा धर." मी धरतो. चार दिवसांनी तू बघायचंही सोडलंस. पुढे गल्लीतल्या बायका आपली लेकरं अंघोळीला माझ्याकडे आणून द्यायच्या. काम शिकवलंस, माय, पण ते बाप्याला कुणी देणार नाही हे नाही सांगितलंस.

काल तारनाक्याहून बोलावणं आलं. आपली मराठी माणसं, पिढ्यान्‌पिढ्या हैदराबादची. नवरा-बायको दोघं रेल्वेच्या नोकरीत. त्यांची आधीची आया वाटणीनंतर लेकीकडे विजयवाड्याला निघून गेलेली. त्यानंतर लेकरू सांभाळायची ती नवऱ्याची आई, तिचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये. सूनबाईंनी दार उघडलं आणि तेच वाक्य, "आम्ही बाई शोधत होतो." आत लेकरू टाहो फोडत होतं. मला लेकराला अंघोळ घालता येते, मी म्हणालो. मागून म्हातारीचा आवाज आला, "अगं, पाणी निवायलंय. येतंय म्हणतात ना, करू दे की. पडलं तर मी आहे ओरडायला."

मी हातपाय धुतले, पाटावर बसलो. पुढचं तुला सांगायला नको. पायावर पाणी पडल्यावर लेकरू गप्प झालं आणि माझ्या घोट्याजवळ गाल टेकून पडून राहिलं. म्हातारीनं प्लॅस्टरचा हात मांडीवर ठेवून सगळं निरखून पाहिलं. पुसून, दुपट्यात गुंडाळून मी त्याला मांडीवर घेतलं, तेव्हा मला वाटलं, मिळालं काम. तेवढ्यात ती म्हणाली, "त्या डब्यात मीठ-मोहऱ्या आहेत, मिरच्या घ्या आणि याची नजर काढा. आधीची बाई रोज काढायची. मला या हातानं येत नाही."

"काकू, मी नजर काढत नाही," मी म्हणालो.

"का बरं? गाव कुठलं म्हणालात?"

गाव सांगितलं, आडनावही सांगितलं. सूनबाई खिडकीबाहेर बघू लागल्या. मला तुझा असा संताप आला, माय! नुसतं "काढतो" म्हणायला काय जात होतं? मूठभर मीठ. पण तू आडवी आलीस. मोठी रात्रंदिवस रडायची तेव्हा शेजारीण मिरच्या घेऊन आली होती, तर तू दारातच तिला थोपवलंस. "आमच्या बापानं दीक्षा घेतली तवाच हे समदं सोडलं. नजर न्हाई, तिचा कान दुखतोय. दवाखान्यात ने रे." कानच दुखत होता. तू नेहमी बरोबरच असायचीस. माझ्यावरूनही तू कधी काही उतरवलं नाहीस, तापानं फणफणलो तेव्हाही नाही.

म्हातारी उठली. डाव्या हातात मीठ-मोहऱ्या-मिरच्या घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. "तुमच्यात काढत नसतील, आमच्यात काढतात. तुम्ही धरा, मी काढते. हात डावा तर डावा."

"काकू, मी यात नाही."

"तुम्ही नसाल, तुमची मांडी आहे की. पोराला काय हवेत धरू?"

आणि तिनं मूठ फिरवली. लेकरू माझ्या मांडीवर, त्यामुळे मूठ माझ्या डोक्यावरून, खांद्यांवरून, गुडघ्यांपर्यंत. पुटपुटत होती, आल्यागेल्याची, वाटेवरच्याची, घरादाराची. मग मिरच्या गॅसवर टाकल्या. कुणालाच ठसका लागला नाही. "बघ गं, केवढी लागली होती," ती सुनेला म्हणाली. "याला की यांना, कुणास ठाऊक. उद्यापासून येऊ दे यांना."

तुला पत्ता असता तरी हे पत्र मी टाकलं नसतं. तू एवढंच विचारलं असतंस की लेकरू तिच्या सुनेकडे देऊन बाजूला का झाला नाहीस. झालो असतो, सून हात पुढे करून उभीच होती. पण मूठ माझ्या डोक्यावरून फिरत होती, आणि मला तिथनं उठावंसं वाटलं नाही, माय.